प्रथमावृत्तीचें मोल

जुन्या वस्तूंचा संग्रह करणारीं माणसें समाजांत थोडीं असतात, आणि त्यांतहि जुन्या पुस्तकांचा संग्रह करणारीं फारच थोडीं. नाणें सोन्यारुप्याचें असतें, ताम्रपटावर राजाची मुद्रा असते. म्हणून त्यांचें मोल पाहणाऱ्याला चटकन् पटतें. परंतु कडा झिजलेलें, पानें पिवळीं पडलेलें, पुठ्ठा सुटलेलें एखादें छापील पुस्तक कोणी चार पैसे अधिक देऊन घरीं नेलें, तर शेजारी हंसतात. हेंच पुस्तक नवें कोरें मिळत असतां जुनें कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर पुस्तकाच्या जातीवर अवलंबून आहे. गणिताचें पुस्तक नवेंच बरें. पंचांग तर चालू सालाचेंच हवें. परंतु एखाद्या माणसानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेला काळ लिहून ठेवला असेल, तर त्या आठवणींची, त्या प्रवासवृत्ताची किंवा त्या रोजनिशीची पहिली आवृत्ति ही केवळ वाचण्याची वस्तु राहत नाहीं. ती साक्षीदाराची जबानी होते. आणि जबानी मुळांत कशी दिली गेली हें पाहावयाचें, तर पहिल्या कागदाकडेच जावें लागतें.

मराठींत याचा ठळक दाखला म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. १८५७ च्या धामधुमींत हा भिक्षुक ब्राह्मण उत्तरेकडे गेला, झांशीचा वेढा त्यानें आंत राहून पाहिला, आणि पुढें कित्येक वर्षांनीं तें सारें लिहून काढलें. चिंतामणराव वैद्य यांनीं तें लिखाण १९०७ मध्यें छापून प्रसिद्ध केलें. परंतु छापतांना त्यांनीं भाषेंत व मजकुरांत फेरफार केले. मूळ हस्तलिखित त्यांनीं १९२२ मध्यें पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिलें, आणि दत्तो वामन पोतदार यांनीं तें मुळाबरहुकूम १९६६ मध्यें प्रसिद्ध केलें. म्हणून १९०७ ची प्रत रद्दी ठरली काय? मुळींच नाहीं. गोडसे भटजींनीं काय लिहिलें तें १९६६ ची प्रत सांगते; आणि इंग्रजी अमलाखालीं १९०७ सालीं एका विद्वान् संपादकाला त्यांतलें काय व कसें छापणें योग्य वाटलें, तें पहिली प्रत सांगते. दोन्ही प्रती शेजारीं ठेवल्या म्हणजे एका इतिहासाचे दोन इतिहास होतात.

अशा पुस्तकांच्या संग्रहाचा छंद अमेरिकेंत चांगलाच रुजलेला आहे. त्या राष्ट्राचें वय लहान. त्याचा बहुतेक सारा इतिहास छापखान्याच्या काळांत घडला. त्यामुळें सेनापति, प्रवासी, धर्मोपदेशक, गुलामगिरींतून सुटलेले लोक, या सर्वांच्या आठवणी तेथें छापून निघाल्या, आणि त्या आठवणींच्या पहिल्या आवृत्त्या शोधीत हिंडणारे लोकहि निघाले. ल्युइस आणि क्लार्क या दोघां अधिकाऱ्यांनीं १८०४ ते १८०६ या काळांत खंड ओलांडून पश्चिम समुद्र गांठला. त्यांच्या रोजनिशांवरून तयार केलेलें वृत्त १८१४ मध्यें फिलाडेल्फिया येथें दोन भागांत निघालें. पण तें दुसऱ्याच्या हातून नीटनेटकें करून घेतलेलें होतें. मूळ रोजनिशा जशाच्या तशा छापावयाला १९०४ साल उजाडलें. गोडसे भटजींच्या हस्तलिखिताची जी गत, तीच या रोजनिशांची झाली.

दुसरें उदाहरण जनरल ग्रँट यांचें. यादवी युद्धांतील हा विजयी सेनापति पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि उतारवयांत एका पेढीच्या बुडण्यानें कर्जबाजारी झाला. घशाच्या कर्करोगानें मरण समोर दिसत असतां त्यानें बायकोमुलांसाठीं आपल्या आठवणी लिहिल्या. लेखन संपवून कांहीं दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजीं, तो वारला. मार्क ट्वेन या विख्यात लेखकाच्या प्रकाशनसंस्थेनें ते दोन भाग घरोघर माणसें पाठवून विकले. तीन लाखांवर संच खपले, आणि त्याच्या विधवेला चार लाखांहून अधिक डॉलर मिळाले. आज त्या ग्रंथाची पहिली आवृत्ति मिळणें मुळींच अवघड नाहीं, कारण ती अमेरिकेंत घरोघर पोंचली होती. यावरून संग्रह करणारानें पहिला धडा घ्यावयाचा तो असा कीं, ग्रंथाची थोरवी आणि त्याची दुर्मिळता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थोर ग्रंथ मुबलक असूं शकतो, आणि तितकाच थोर दुसरा ग्रंथ नामशेष होण्याच्या बेतास येऊं शकतो.

या दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथासाठीं मराठी माणसाला अमेरिकेपर्यंत जावयास नको. पुणें-सोलापूर रस्त्यावर, दौंड तालुक्यांत, भांडगांव आहे. भोंवतीं शेतीवाडी, प्रथमावृत्त्या आणि रोजनिशा यांच्याशीं या गांवाचा संबंध काय, असें कोणीहि म्हणेल. परंतु भांडगांवच्या शेजारींच केडगांव आहे; आणि केडगांवीं आयुष्याचीं शेवटचीं दोन तपें काढून जेथें पंडिता रमाबाईंनीं देह ठेवला, तेथें राहणारी ही बाई अमेरिकेवरील एका अस्सल मराठी प्रवासवृत्ताची कर्ती होती. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हें त्या पुस्तकाचें नांव. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत तें १८८९ मध्यें छापलें गेलें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि त्या मातेनें मुलीला शिकविलें. तीर्थयात्रेंत सारें कुटुंब पायीं हिंडलें. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप गेले. भावाबरोबर पुराणें सांगत त्या कलकत्त्याला पोंचल्या, आणि तेथील विद्वानांनीं त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्यें बिपिनबिहारी मेधावी या बंगाली गृहस्थाशीं विवाह झाला. १८८२ च्या आरंभीं वैधव्य आलें. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या, तेथें आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ मध्यें विलायतेला गेल्या. तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या एका गोष्टीचा परिणाम त्यांच्या पुस्तकांच्या भवितव्यावर फार झाला, तो पुढें येईलच.

अमेरिकेला त्या गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्यासाठीं. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत आनंदीबाईंचा पदवीदान समारंभ ११ मार्च १८८६ रोजीं होता. रमाबाई त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत तेथें पोंचल्या. त्याच सुमारास ग्रँट यांच्या आठवणींचे भाग घरोघर विकले जात होते. समारंभापुरत्या गेलेल्या रमाबाई तेथें सुमारें पावणेतीन वर्षें राहिल्या. गांवोगांव व्याख्यानें दिलीं, शाळा पाहिल्या, स्त्रियांच्या संस्था पाहिल्या, आणि येथील विधवांच्या शिक्षणासाठीं मदत मागितली. डिसेंबर १८८७ मध्यें बोस्टन शहरीं 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' स्थापन झालें, आणि दहा वर्षें साहाय्य करण्याचें वचन त्या मंडळींनीं दिलें.

या काळांतून दोन पुस्तकें निघालीं, आणि संग्रह करणारानें तीं दोन्ही एकमेकांशेजारीं ठेवावयास हवींत. पहिलें 'द हाय-कास्ट हिंदु वुमन' हें इंग्रजी पुस्तक, फिलाडेल्फिया येथें १८८७ मध्यें छापलेलें. तें आई लक्ष्मीबाई यांच्या स्मृतीस अर्पण केलेलें आहे. स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनीं त्याला प्रस्तावना लिहिली. तें प्रसिद्ध होण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, आनंदीबाई पुण्यांत वारल्या होत्या. ज्या विद्यार्थिनीच्या गौरवासाठीं रमाबाईंनीं समुद्र ओलांडला, तिच्या मरणाची छाया त्या पानांवर आहे. या पुस्तकाच्या हजारों प्रती अमेरिकेंत खपल्या, आणि त्या पैशांतून रमाबाईंच्या कार्याला भांडवल मिळालें. पुढल्याच वर्षीं, १८८८ मध्यें, कॅरोलाइन डॉल या बाईंनीं बोस्टनला आनंदीबाईंचें चरित्र प्रसिद्ध केलें. संग्रहांत तेंहि या पुस्तकाला लागून बसतें.

दुसरें पुस्तक मुंबईचें, मराठी. पहिलें अमेरिकन वाचकाला हिंदुस्थान सांगतें. दुसरें मराठी वाचकाला अमेरिका सांगतें. रमाबाई फेब्रुवारी १८८९ मध्यें मुंबईस परतल्या, आणि ११ मार्च रोजीं, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षें होत असतां, त्यांनीं 'शारदा सदन' उघडलें. त्याच वर्षीं हें पुस्तक निघालें. त्यांत प्रवासाचें वर्णन तर आहेच. पण राज्यकारभार, शिक्षण, धर्मपंथ, परोपकारी संस्था, आणि सर्वांत विस्तारानें स्त्रियांची स्थिति यांचें विवेचन आहे. राजावांचून राज्य चालतें, लोक आपले कारभारी आपण निवडतात, स्त्रिया सभा भरवून दारूबंदीची चळवळ चालवितात, हें सारें परतंत्र देशांतील वाचकाला त्यांनीं मोठ्या आस्थेनें सांगितलें. पण त्या भाळून गेल्या नाहींत. मूळ रहिवाशांवर गोऱ्यांनीं केलेले अन्याय आणि काळ्या वर्णाच्या लोकांविषयीं तेथें टिकून राहिलेला तिटकारा यांविषयींहि त्यांनीं स्पष्ट लिहिलें. ज्या लोकांनीं पैसे दिले त्यांचे दोष आपल्या भाषेंत उघड मांडावयाला धैर्य लागतें.

येथें एक जुनी कडी जोडावीशी आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ मध्यें प्रसिद्ध केलेली 'गुलामगिरी' अमेरिकेंतील सदाचारी लोकांना अर्पण केली होती, कारण त्यांनीं निग्रो गुलामांना मुक्त केलें. जोतीरावांनीं ती अमेरिका दुरून पाहिली आणि तिच्यांतला चांगुलपणा वंदिला; सोळा वर्षांनीं रमाबाईंनीं ती जवळून पाहिली आणि चांगुलपणाबरोबर उणेपणाहि नोंदविला. पहिल्या आवृत्त्यांची सालें ओळीनें लावलीं कीं मराठी मनांत अमेरिकेची प्रतिमा कशी पालटत गेली तें दिसूं लागतें.

परंतु दोन भावंडांचें नशीब सारखें नसतें. इंग्रजी पुस्तक परदेशीं प्रसिद्धि पावलें. मराठी पुस्तक मात्र ज्या वाचकांसाठीं लिहिलें त्यांच्याच हातून सुटलें. १८९० मध्यें शारदा सदन पुण्यास आलें. तेथें मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविलें जातें असा आक्षेप उठला, वर्तमानपत्रांत कडाक्याचा वाद झाला, आणि १८९३ मध्यें न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनींहि अंग काढून घेतलें. पालकांनीं मुली घरीं नेल्या. या वादांत कोणाची बाजू किती खरी, हा वेगळा विषय आहे. पण लेखिकेवरचा राग तिच्या पुस्तकावर निघतो, हा मनुष्यस्वभाव आहे. वाङ्मयाच्या चर्चेंत रमाबाईंचें नांव मागें पडलें. आणि ज्या पुस्तकाची चर्चा नाहीं तें पुन्हा छापण्याची घाई कोणाला नसते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें तें पुन्हा छापलें तें १९९६ मध्यें, मूळ प्रकाशनाला एकशेंसात वर्षें होऊन गेल्यावर. त्यानंतर २००३ या एकाच सालीं त्याचीं दोन वेगळीं इंग्रजी भाषांतरें अमेरिकेंत निघालीं. त्यांतील एक मीरा कोसंबी यांचें. ज्या देशाचें वर्णन, त्या देशाला तें वाचावयास एकशेंचौदा वर्षें थांबावें लागलें.

हें पुनर्मुद्रण आणि हीं भाषांतरें कशाच्या बळावर झालीं? १८८९ च्या कांहीं प्रती कोठें तरी, कोणी तरी, जपून ठेवल्या होत्या म्हणून. प्रत उरली नसती तर नुसत्या नांवावरून पुस्तक पुन्हा उभें करतां आलें नसतें. वाद घालणारांनीं रमाबाईंची बाजू घेतली किंवा विरुद्ध बाजू घेतली. पण ज्यानें कपाटांतलें पुस्तक फेंकलें नाहीं, त्यानें दोन्ही बाजूंच्या पुढल्या पिढ्यांना न्याय करण्याचें साधन दिलें. संग्रह करणाऱ्याचें काम हें असें आहे. त्यानें लेखकाशीं सहमत असावें लागत नाहीं. साक्ष नाहींशी होऊं द्यावयाची नाहीं, एवढेंच त्याचें व्रत.

तिसरें पुस्तक तर भांडगांवच्या अगदीं शेजारचें. पुण्यांतील वादानंतर रमाबाईंनीं केडगांवीं जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली त्यांनीं आणल्या, आणि १८९८ मध्यें तेथें 'मुक्ति' सदन रीतसर स्थापन झालें. विणकाम, शेती यांबरोबर तेथें छापखानाहि होता, आणि खिळे जुळविण्याचें काम मुली शिकल्या. त्या छापखान्यांतून १९०७ मध्यें रमाबाईंचें 'ए टेस्टिमनी' हें छोटें आत्मवृत्त इंग्रजींत निघालें. आईबापांबरोबरची भटकंती, दुष्काळांतील उपासमार, आणि धर्मविचारांतील पालट, हें सारें त्यांत आहे. जिनें स्वतः दुष्काळ भोगला तिची कथा, दुष्काळांतून वांचविलेल्या मुलींच्या छापखान्यांत, पुणें जिल्ह्यांतल्या एका खेड्यांत छापली जावी, याला जोड सांपडणें कठीण. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें बायबलचें मराठी भाषांतरहि तेथेंच छापलें गेलें. त्या ५ एप्रिल १९२२ रोजीं वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्यें बाहेर पडला.

फिलाडेल्फिया, मुंबई आणि केडगांव: तीन छापखाने, तीन पहिल्या आवृत्त्या, आणि एका स्त्रीचें आयुष्य. नव्या आवृत्तींत शब्द मिळतात, विद्वानांच्या टीपाहि मिळतात, आणि अभ्यासाला तीच सोयीची. पण मुखपृष्ठावर लेखिकेनें आपलें नांव कसें लिहिलें, पुस्तक कोणाला अर्पण केलें, किंमत काय ठेविली, शुद्धिपत्रांत कोणत्या चुका कबूल केल्या, मागल्या पानांवर कोणत्या पुस्तकांच्या जाहिराती होत्या, आणि पहिल्या मालकानें समासांत काय टिपून ठेवलें, हें पाहावयाचें तर जुनी प्रतच हातीं घ्यावी लागते. वाचक कोण होता हें पुस्तकाच्या अंगावरच लिहिलेलें असतें.

जुनी मराठी प्रत ओळखण्याच्या खुणा अवघड नाहींत. मुखपृष्ठ फाटलें असेल तर आंतलें शीर्षकपान पाहावें. त्यावर आवृत्ति, छापखाना, गांव आणि साल हीं बहुधा असतात. १८६७ च्या २५ व्या कायद्याप्रमाणें पुस्तकाची सरकारांत नोंद करावी लागे, म्हणून तशी ओळ पुष्कळ जुन्या पुस्तकांवर आढळते. साल शकाचें असेल तर त्यांत अठ्ठ्याहत्तर मिळवावे म्हणजे इसवी सन येतो. शेवटचे तीनएक महिने असतील तर एकोणऐंशी. शंका राहिली तर शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूचि' पाहावी. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ती मोजदाद म्हणजे अशा शोधांतली वाटाडी आहे.

अशीं पुस्तकें मिळतात कोठें? पुण्याच्या जुन्या बाजारांत बुधवारीं व रविवारीं भांड्याकुंड्यांच्या ढिगाशेजारीं, मुंबईच्या पदपथांवर, आणि सर्वांत अधिक म्हणजे घर बदलतांना किंवा वाटणी होतांना बाहेर निघालेल्या पेटाऱ्यांत. आजोबांचा पेटारा रद्दीवाल्याच्या तराजूंत जाण्यापूर्वीं एक दिवस उघडून पाहिला, तर त्यांत काय निघेल याचा नेम नाहीं. तराजू वजन करतो. साल वाचीत नाहीं.

मिळाल्यावर जपणूक हवी. त्या काळचा पुष्कळसा कागद आंतल्या आम्लानें तांबूस होऊन कुडकुडीत होतो. तो ऊन आणि ओल या दोहोंपासून दूर ठेवावा. कसर आणि वाळवी यांसाठीं पुस्तकें अधूनमधून हलवावीं, झटकावीं. पोथीसारखीं स्वच्छ सुती बासनांत गुंडाळावीं. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावूं नये. तिचा डाग कागदांत उतरतो. नवी बांधणी करतांना कडा छाटूं देऊं नयेत, कारण छाटणीबरोबर समासांतलीं टिपणें जातात. जुन्या मालकाचें नांव किंवा वाचनालयाचा शिक्का खोडूं नये. तो त्या प्रतीच्या प्रवासाचा दाखला असतो. मात्र शिक्का एखाद्या चालू वाचनालयाचा असेल, तर पुस्तक आधीं तेथें विचारून परत करावें. चोरीचा माल हा संग्रह नव्हे.

आणि शेवटची गोष्ट अशी कीं, संग्रह हा एका आयुष्यापुरता असतो. ज्यानें तीस वर्षें पै-पै जमवून पुस्तकें गोळा केलीं, त्याच्या माघारीं तीं तेराव्या दिवसानंतर पुन्हा रद्दींत जाऊं शकतात. म्हणून त्यानें जिवंतपणींच यादी करावी, प्रत्येक पुस्तकाचें साल, छापखाना व प्राप्तीचें ठिकाण लिहावें, आणि त्यांचा वारस ठरवावा: भारत इतिहास संशोधक मंडळासारखी संस्था, जिल्ह्यांतलें जुनें वाचनालय, किंवा जाणता नातू. केडगांवीं छापलेलें पुस्तक बोस्टनच्या कपाटांत सुखरूप राहावें आणि दौंड तालुक्यांत त्याची एकहि प्रत उरूं नये, असें झालें तर दोष अमेरिकेचा नव्हे. भांडगांव, केडगांव, यवत या गांवांतल्या शाळांच्या कपाटांत आणि घरांच्या माळ्यांवर अजून काय शिल्लक आहे, हें पाहण्याला विद्वत्ता लागत नाहीं. एक शिडी, एक फडकें आणि शीर्षकपान वाचण्यापुरती सवड पुरे आहे.